काशीकाकांची शेवटची वीस पानं

"सोड तिला! सोड म्हनतो ना! अरं हलकटा, बायको हाय का बीमचा धागा हाय, वढतंस कनाला?"

दुपारचे चार वाजले होते, लाइट गेलेली होती. भिवंडीला कामतघरच्या चाळीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन दिवस झाले होते आणि शेजारच्या खोलीत उघड उघड खून चालला होता. मी गोदामातली सकाळची शिफ्ट संपवून नुकतीच आडवी झाले होते. आई म्हणाली, "प्रणाली, तू मध्ये पडू नकोस हं." तिच्या भाषेत याचा अर्थ, लवकर जा आणि काय झालं ते मला येऊन सांग. मी वरवंटा उचलला आणि शेजारचं दार लाथेने उघडलं. आत साठीचा एक काटकुळा माणूस एकटाच बसला होता. अंगात तेलाचे डाग पडलेलं बनियन, कानांना दोऱ्याने बांधलेला चष्मा, मांडीवर पुस्तक. ना बायको, ना हलकट. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वरवंट्याकडे पाहिलं.

"मसाला वाटाचा हाय? पाटा भायेर हाय," तो म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

हे काशीकाका. काशिनाथ भोईर, लूमचा जॉबर, म्हणजे बिघडलेला यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस. चाळीच्या भिंतीला लागूनच चोवीस लूमची शेड होती. तिथे चाळीस वर्षं काढून काकांनी दोन्ही कान लूमला वाहिले होते. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे. आमचं असं ठाम मत होतं की ते खोकले की धामणकर नाक्यावरच्या रिक्षा बाजूला होतात.

ते नेहमी मोठ्यानेच वाचत आणि मधूनमधून पुस्तकातल्या माणसांना शिव्याही घालत. मनातल्या मनात वाचलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नसे. लूम चालू असताना त्या खडखडाटात त्यांचा आवाज बुडून जाई, आपल्याला काही त्रास नाही. पण लाइट गेली की लूम एकदम थांबत आणि काका मात्र थांबत नसत. मग वाक्याच्या मधूनच ती गोष्ट सगळ्या चाळीवर येऊन आदळे: "...आणि तिच्या पदराला रक्त लागलं होतं!" कोणाचं रक्त? कोणाचा पदर? काही पत्ता नाही. दहा मिनिटं सगळी चाळ भांडी घासायचं थांबवून ऐके आणि नेमकं कोणीतरी कोणाला काहीतरी कबूल करणार एवढ्यात लाइट येई. खडखडाट सुरू. गोष्ट गडप.

माझं आणि पुस्तकांचं जुनं वैर होतं. बी.कॉम. मी गाइडवर उरकलं. निकाल लागला त्या दिवशी सगळी पुस्तकं रद्दीत घातली आणि आलेल्या पैशांची पाणीपुरी खाल्ली. वाचायचं म्हणजे उद्या कोणीतरी प्रश्न विचारणार, एवढंच मला ठाऊक. अशी मी, तेवीस वर्षांची, गोदामात दिवसभर खोक्यांवरचे पत्ते वाचून डोळे शिणवणारी, आणि महिन्याभरात लाइट आली म्हणून शिव्या देऊ लागले. भिवंडीच्या इतिहासात असं पाप करणारी मी पहिलीच असेन.

त्याला कारण इंदू. ती काकांच्या त्या वेळच्या कादंबरीत होती. दहा वर्षांपूर्वी तिला घराबाहेर काढलेलं. आता ती परत आलेली, धो धो पाऊस, अंगणात कुत्रं, आणि ती दार ठोठावते आहे. एवढं मी तुकड्यातुकड्याने जमवलं होतं. त्या शनिवारी लाइट गेली तेव्हा इंदू दारापाशी पोचली होती. काका गर्जत होते, "इंदूने कडी वाजवली! परत वाजवली! आतून पावलं आली..."

लाइट आली.

मी गॅलरीत जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. ही अतिशयोक्ती नाही, टेंगूळ आलं होतं. पलीकडून शेडमधला कारागीर असलमभाई धावत आला. त्याला मराठी निम्मी कळे, पण इंदूचं दुःख पूर्ण कळे. "दरवाजा किसने खोला, बहन?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आत्ता विचारून येते.

काकांनी पुस्तक मिटून कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या गोणीत टाकलं होतं आणि दुसरं उघडलं होतं. मी त्यांच्या कानाशी ओरडले, "काका! दार कोणी उघडलं?"

"मना म्हाईत न्हाय."

"म्हणजे? पुढं वाचा ना!"

"फुडं न्हाय वाचायचा. शेवटची वीस पाना मी ठेवतंय."

"ठेवता? कोणासाठी?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लूमला तेल कुठे घालतात हे न कळणाऱ्याकडे पाहावं. हाताला धरून मला शेडमध्ये नेलं. एका लूमवरचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला होता. पण शेवटचा हातभर धागा विणलेला नव्हता, फणीत तसाच लोंबत होता. एक माणूस उकिडवा बसून त्या जुन्या प्रत्येक टोकाला नव्या बीमचा एकेक धागा गाठ मारून जोडत होता. हजारो धागे, हजारो गाठी.

"बगितलंस? शेवटपरेंत विनला तर नवा बीम कनाला जोरायचा? लूम नागवा व्हतंय. मंग सगला पहिल्यापासून भरायला लागतंय."

"काका, ते कापड आहे! हे पुस्तक आहे!"

"धागा तो धागा."

आणि माणूस खरंच तसं वाचत होता. एका पुस्तकाची टोकं सोडायची आणि त्यांनाच दुसऱ्याची पहिली पानं जोडायची. त्यामुळे त्यांच्या डोक्यात आजवर वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्यांचं एकच लांबलचक ठाण तयार झालं होतं. आधीच्या पुस्तकातला वकील या पुस्तकात येऊन इंदूची केस लढेल, अशी त्यांना खात्री होती. मी म्हटलं, तो वकील वेगळ्या पुस्तकातला आहे. तर म्हणाले, "ठान्याचाच हाय ना? येल गाडी करून." अशा माणसाशी काय बोलायचं? मी दातओठ खात घरी आले.

दुसऱ्या दिवशी काका लूम बघायला गेले तशी मी गोणीतून ते पुस्तक पळवलं. पानापानावर काळे तेलकट अंगठे, मध्ये कापसाचं तूस, आणि शेवटची वीस पानं एका सुताने घट्ट बांधलेली. मी सूत दातांनी तोडलं आणि शेवट वाचला. पाच मिनिटांत वाचला. काहीही कळलं नाही! हा मधुसूदन कोण? कंदिलाचं काय प्रकरण? लाइट असताना निम्मी कादंबरी लूमच्या खडखडाटात गेली होती. मी चिडून पहिलं पान उघडलं. फक्त मधुसूदन कोण एवढंच बघायचं होतं.

तो, म्हणजे इंदूचा नवरा, पंचेचाळिसाव्या पानावर आला. तोवर भात करपला होता. मंगळवारी मी शेअर रिक्षात वाचत वाचत गोदाम मागे टाकून पुढे नारपोलीला पोचले. बुधवारी सुपरवायझरने विचारलं, डोळे का सुजलेत, कोणी गेलं का घरात? मी म्हटलं, हो, मधुसूदनची आई. त्याने मला अर्धा दिवस सुट्टी दिली. त्या अर्ध्या दिवसात मी उरलेलं पुस्तक संपवलं, सुतातली वीस पानंसुद्धा, आणि या वेळी ती वीस पानं वाचायला मला दोन तास लागले, कारण मधूनमधून डोळे पुसावे लागत होते.

मी धावत काकांकडे गेले. "काका, दार..."

काकांनी दोन्ही बोटं कानात घातली. ज्या माणसाच्या कानाशी फटाका लावला तरी तो "कोन?" असं विचारी, त्याने कानात बोटं घातली!

"बोलू नको! कोनालाच बोलू नको! शपथ घे, बाय!"

मी आईची शपथ घेतली. आई दारातच उभी होती, ती म्हणाली, "माझी कशाला? स्वतःची घे." चाळीने मला फितवायचा पुष्कळ प्रयत्न केला. सुक्या बोंबलाची चटणी आली, असलमभाईने घरून शीरखुर्मा आणला. मी सगळं खाल्लं आणि काही बोलले नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी ती गोणी उपसली. काका एक पुस्तक सोडत, मी उचलत असे आणि त्यांचं सूत तोडत असे. "घाई कनाला? उद्या परीक्षा हाय?" ते विचारत. नव्हती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तक होतं आणि परीक्षा नव्हती, आणि ते मला शिकवणारा माणूस स्वतः एकही पुस्तक पुरं करत नव्हता! या गोष्टीचा मला इतका वैताग येई की मी त्यांच्याशी आठ-आठ दिवस बोलत नसे. त्यांना ते कळतही नसे.

काका आता नाहीत. शेड विकली गेली त्यानंतर ते मुलाकडे गावी राहायला गेले आणि वर्षाच्या आत वारले. पण माझ्या लेखी ते गेले त्या दिवशी, ज्या दिवशी लूम काढले.

भंगारवाल्याची माणसं आली, त्यांनी लूमवर राहिलेले धागे कात्रीने सटासट कापले आणि लोखंड टेम्पोत भरलं. काका ओट्यावर बसून बघत होते. टेम्पो गेला. चाळीत अशी शांतता पडली की शेजारच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. लाइट चालू होती, पंखे फिरत होते, आणि आवाज नव्हता. काकांच्या हातात एका लूमच्या फणीतून काढलेला धाग्यांचा झुबका होता. तो त्यांनी बोटांनी चाचपला, टोकं बघितली आणि खाली ठेवला.

"बाय," ते म्हणाले, "आथा जोरायला काय न्हाय. सांग."

"काय सांगू?"

"इंदूचा. दार कोनी उघारला?"

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकले. पण त्यांना हळू सांगून भागणार नव्हतं. मी उभी राहिले आणि छातीतला सगळा दम लावून ओरडू लागले. गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. आई आली. असलमभाई गावी जायचं बोचकं खांद्यावर घेऊन जिन्यात थांबला. मी ओरडत होते, की पावलं दारापर्यंत आली आणि मागे फिरली, की इंदू पहाटेपर्यंत ठोठावत राहिली, की शेवटी दमून ती दाराला टेकली आणि दार आपोआप उघडलं. आतून कडी लावलेलीच नव्हती. मधुसूदनने ती दहा वर्षांत एकदाही लावली नव्हती. ती आत गेली. संपलं.

आईने पदर डोळ्यांना लावला. असलमभाई म्हणाला, "या अल्लाह." मी काकांकडे पाहिलं. त्यांनी चष्म्याचा दोरा सोडला, काचा बनियनला पुसल्या, परत बांधला.

"मंग एवरा येल ठोकत कनाला व्हती?" ते म्हणाले.