पप्पांची उस्ताद

"पोरगी असावी तर अशी," पप्पा मुख्याध्यापकांना म्हणाले.

मी दोन पावलांवर फाईल छातीशी धरून उभी होते. पप्पा वर बघत होते. अहमदपूरजवळच्या त्या शाळेच्या छताच्या कडेला, खांद्यावर तांब्याच्या पट्टीचं वेटोळं घेऊन, उस्ताद उभी होती आणि खाली जमलेल्या गावकऱ्यांशी मोठ्यानं गप्पा मारत होती.

उस्ताद हे नाव पप्पांनीच ठेवलेलं. खरं नाव रेखा, पण ते तिच्या आयटीआयच्या सर्टिफिकेटपुरतंच उरलं होतं. जळकोटकडच्या शेतकरी घरातली मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणायची. पप्पा लातुरात इमारतींवर वीजरोधक बसवण्याची कामं घेतात. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा ती आधीच तिथे होती. मी पप्पांना पप्पा म्हणते. ती त्यांना अप्पा म्हणायची, आणि त्या हाकेला ते माझ्या हाकेपेक्षा लवकर वळायचे. मी मोजलेलं आहे.

ती सतत बोलायची. त्या दिवशी एका म्हाताऱ्यानं खालून विचारलं, "बाई, ह्या सळईनं वीज ओढून घेतली म्हंजे? शाळेवर उगं बला!"

"मामा, वीज काय तुमच्या सळईची वाट बघून राहिली का?" ती वरून म्हणाली. "यायची तवा ती येणारच. आपुन तिला फकस्त वाट करून द्यायची. भिंत फोडून जाण्यापरीस पट्टीतून जाईल, मातीत मुरंल. तुमी निवांत तंबाखू खा."

सगळे हसले. म्हाताऱ्यानं खरोखरच चंची काढली. हेच मला समजवायचं असतं, तर मी मनात चार वाक्यं जुळवली असती, त्यातल्या तीनांत इंग्रजी शब्द आले असते आणि तोवर म्हातारा घरी गेला असता.

तिच्याकडे एक बाटली होती. जॅमची रिकामी बाटली, झाकणाच्या भोकात मेणानं बसवलेली तांब्याची तार आणि तारेच्या खालच्या टोकाला मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाच्या दोन चिमुकल्या पट्ट्या. वर्ख कापताना मात्र ती गप्प असायची, कारण श्वासानंसुद्धा तो फाटतो. मी तिला गप्प बघितलं ते तेवढंच. शाळेचं काम संपलं की ती मुलांना गोळा करायची, प्लॅस्टिकचा कंगवा स्वतःच्या कोरड्या केसांवर खसाखसा घासायची आणि तारेजवळ न्यायची. आतल्या दोन्ही पट्ट्या फटकन एकमेकींपासून दूर व्हायच्या.

"बघा रे! दोघी बहिणींना एकच भार मिळाला. आता एकमेकींच्या जवळ यायच्या न्हाईत," ती म्हणायची. "कंगव्यात हाय ते एवढंसं. ढगात हाय ते लई. जात एकच."

मी या उपकरणावर कॉलेजात पाच पानं लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. एकदा पप्पा म्हणाले, आज तू दाखव. मी कंगवा घासला, तारेजवळ नेला. पट्ट्या हलल्या नाहीत. पुन्हा घासला. मुलं खुसखुसायला लागली. तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, तारेला बोट लागलंय तुमचं. समदं तुमच्यातून जमिनीत चाललंय."

ती मोठ्यानं बोलली असती तर बरं झालं असतं. मला तिचा राग करता आला असता.

तिचं चांगलं वागणं मला असं आडवं यायचं. माझ्या डब्यातलं काही तिला आवडलं की ती सांगायची आणि दुसऱ्या दिवशी आई तिच्यासाठी वेगळं द्यायची. छतावर चढताना माझे पाय थरथरायचे. हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ती माझ्या पुढे न चढता मागून चढायची. मी हे सगळं बघत होते आणि मनातल्या मनात तिचे दोष शोधत होते. ती बोल्ट घट्ट करताना नाक ओढायची, एवढाच सापडला.

मे महिन्यात आम्ही जळकोट तालुक्यातल्या एका गावी शाळेची तपासणी करायला गेलो. छतावरून येणारी पट्टी आणि जमिनीतल्या खड्ड्यात जाणारी पट्टी जिथे दोन बोल्टांनी जोडतात, त्या जागेला आम्ही लिंक म्हणतो. खड्डा मोजताना, म्हणजे तिथली माती वीज कितपत मुरवते ते मीटरनं बघताना, ती सोडावी लागते आणि मोजून झालं की परत जोडावी लागते. हे काम आम्हा दोघींपैकी कोणीही करायचं, त्या दिवशी मी करत होते. मी लिंक सोडली, पितळी बोल्ट कुर्त्याच्या खिशात टाकले आणि मीटर लावलं. भिंतीपलीकडून पप्पांचा आवाज आला, "उस्ताद, नांदेडच्या हॉस्पिटलचं काम तूच बघायचं. पुरं तुझ्यावर."

ते काम मला हवं होतं. त्याचे नकाशे मी तीन आठवडे बसून काढले होते. मी आकडा वहीत लिहिला, मीटर पेटीत ठेवलं आणि गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्ता धुवायला टाकताना बोल्ट हाताला लागले. पप्पा नांदेडला गेले होते. आभाळ भरून आलं होतं. त्या शाळेत त्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं, हे मुख्याध्यापकांनी आम्हाला कौतुकानं सांगितलं होतं. वरून आलेली वीज त्या उघड्या टोकाशी, माणसाच्या उंचीवर येऊन अडली असती आणि तिथून खिडकीच्या गजांत शिरली असती.

मी पप्पांना फोन केला नाही. मी तिला केला.

"त्या शाळेची लिंक..." एवढंच मला बोलता आलं.

आदल्या दिवशी ती तिथूनच आपल्या घरी गेली होती. "मी गावातच हाय. जाते."

दुपारी गडगडाट सुरू व्हायच्या आधी तिचा फोन आला. "जोडली. लोखंडी बोल्ट व्हते घरी, तेच लावले. वऱ्हाड जेवून राहिलंय. तुमी बी जेवा."

पावसाळ्याच्या तोंडावर पप्पा पुन्हा त्या शाळेत गेले, तर तांब्याच्या पट्टीवर गंजके लोखंडी बोल्ट. त्यांनी लातूरच्या आमच्या दुकानात आम्हा दोघींना समोर उभं केलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "अप्पा, माझ्याकडून लिंक उघडी राहिली व्हती. मागून घाईत लावली."

तिला खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलता येत होतं.

पप्पा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "त्या शाळेत माणसं होती." मग माझ्याकडे वळले. "नांदेडचं काम तू बघ." त्यानंतर त्यांनी तिला उस्ताद म्हटलं नाही. रेखा म्हणायला लागले.

मी तिला जिन्यात गाठलं. असं का केलंस, विचारलं.

"माझ्यावर चार दिस रागावतील," ती म्हणाली. "तुमच्यावर रागावले असते तर तुमी परत छतावर आल्या नसत्या. तुमचं कसं हाय, मला काय ठाव न्हाई व्हय?"

आता ती इस्लापूरकडे स्वतःची कामं घेते, हाताखाली दोन मुली आहेत. ते सगळं नंतरचं. तेव्हा मात्र चार दिवस झाले, आठ झाले, पप्पांचा राग गेला नाही. एका सोमवारी ती कामाचं सामान परत करायला आली. पट्टी वाकवायचा हातोडा, दोरखंड, पाने, सगळं तिनं ओळीनं टेबलावर मांडलं.

"येते अप्पा," ती म्हणाली.

पप्पांनी नांदेडच्या नकाशातून मान वर केली नाही. नकाशाच्या खाली काम पाहणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव टाईप केलेलं होतं. इतक्या दिवसांत जे जे मला हवं होतं, ते सगळं त्या टेबलावर होतं. ती वळली, दाराशी बसून चपलेचा पट्टा लावायला लागली.

"पप्पा," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की तीही थांबली. "ते बोल्ट माझ्या खिशात होते. लिंक मी उघडी सोडली होती."