पाय लागला की नमस्कार

माझ्या वयाच्या बाईला लोक दोनच गोष्टी सुचवतात, नातवंडं सांभाळा नाहीतर हास्यक्लबात या. हास्यक्लबात मी एकदा गेले होते. मुलुंडला आमच्या सोसायटीमागच्या बागेत सकाळी साडेसहाला वीसेक माणसं हात वर करून खोटं खोटं हसत होती. मला हसू आलं नाही, संताप आला. दुसऱ्या दिवसापासून मी बागेबाहेरच्या रस्त्यावर एकटीच चालायला लागले आणि आठवड्याभरात तिथेच माझ्या गळ्यातली चेन गेली.

मोटरसायकलवर दोघं होते. मागच्याने गळ्याला हात घातला, हिसडा दिला आणि वर धक्काही मारला. चेन गेली, जाऊ दे. मी धपकन रस्त्यावर पडले ते पडलेच, मला उठता येईना. हाड मोडलं नव्हतं, पाय मुरगळला नव्हता. धरायला काही नसलं की मला जमिनीवरून उठता येत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. घरात जमिनीवर बसणं मी कधीच सोडलं होतं, त्यामुळे इतकी वर्षं पत्ताच लागला नव्हता. पाच-सहा माणसं जमली. एक जण म्हणाला, "आजींना हात लावू नका हां, काही मोडलंबिडलं असेल तर आपल्या अंगाशी येईल." सगळे हात मागे घेऊन उभे. शेवटी मी रांगत रांगत दुभाजकापर्यंत गेले, कठडा धरला आणि उठले. ते रांगणं मी कुणालाही माफ केलेलं नाही, स्वतःला तर नाहीच.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. तीस वर्षं भांडुपच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरसाठी तांब्याच्या तारा गुंडाळल्या होत्या. हातात ताकद होती, पण पाय स्टुलावर बसून बसून कामातून गेले होते. मुलगा म्हणाला, "आई, तू आता बाहेर जाऊच नको ना. टेरेसवर फिर." त्याला काळजी वाटत होती हे मला कळत होतं, आणि तरी त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. मला टेरेस नको होती. कोणी ढकललं तर उभं राहता यावं आणि पडलेच तर कुणाचा हात न धरता उठता यावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी दोन ठिकाणी नाव घातलं, सोसायटीच्या जिममध्ये आणि स्टेशनजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कराटेच्या क्लासला.

जिम म्हणजे पंपाच्या खोलीशेजारची एक खोली. तिथल्या ट्रेनरने पहिल्या दिवशी माझ्या हातात एक किलोचे गुलाबी डंबेल ठेवले. मी म्हटलं, "बाबा रे, माझी भाजीची पिशवी याच्या पाचपट जड असते. मला जमिनीवरून उठायला शिकव." पोरगा बरा निघाला. आधी बाकावरून उठबस, मग पाटावरून, मग वजन छातीशी धरून. डॉक्टरांकडून हाडं तपासून घेतली आणि मग दोन्ही टोकांना वजनं अडकवायची ती लोखंडी दांडी जमिनीवरून उचलायला लागले. नुसत्या दांडीपासून चाळीस किलोपर्यंत यायला सव्वा वर्ष लागलं. पाठ सरळ, जोर टाचांत, कंबर मागे. घरी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसायचं आणि ओट्याला हात न लावता उठायचं, हा माझा रोजचा नेम झाला.

कराटेचे सर पंचेचाळिशीचे, शांत, अतिशय सभ्य. त्यांचं म्हणणं, वजन उचलून अंग आखडतं, लाथ वर जात नाही. जिमवाल्याचं म्हणणं, लाथा मारून गुडघ्यांची वाट लागणार. दोघांचंही माझ्या पायांवर फार प्रेम. सोमवारी, बुधवारी दांडी आणि मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी कराटे असं मीच बसवून घेतलं. मंगळवारी मांड्या इतक्या दुखायच्या की पायऱ्या उतरताना शिव्या यायच्या. पण सहा-आठ महिन्यांनी एक गोष्ट लक्षात आली. पाय फाकवून खाली बसायच्या पवित्र्यात मी क्लासातल्या कॉलेजच्या मुलांपेक्षा जास्त वेळ टिकत होते. ती ताकद त्या दांडीने दिली होती, आणि तोल कुठे ठेवायचा हे कराटेने.

क्लासात माझी जोडीदार बहुतेक वेळा एक बावीस वर्षांची मुलगी असायची. पोलीस भरतीची तयारी करत होती. सकाळी मैदानावर धावायची, दुपारी अभ्यास, संध्याकाळी क्लास. खांदे असे की दारात उभी राहिली तर दार भरून जाईल. अशा मुलीला मी ठोसा मारला की ती दोन पावलं मागे सरकायची. मी लाथ उचलली की तिचा हात जरा उशिरानेच वर यायचा. सर म्हणायचे, "झकास, काकू!" आणि मुलं टाळ्या वाजवायची. दोन वर्षांत मी पांढऱ्या पट्ट्यावरून हिरव्यावर आले. खोटं कशाला बोलू, मला आपण भारी झालो असं वाटायला लागलं होतं. पुन्हा एकदा तो मोटरसायकलवाला यावाच, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

मग एका गुरुवारी क्लासात एक नवीन बाई आली. तिशीची, घाटकोपरहून मुलुंडला राहायला आलेली, आधी दुसरीकडे शिकलेली. सरांनी तिला माझ्यासमोर उभं केलं. मी नेहमीसारखा ठोसा मारला. ती मागे सरकली नाही. तिने तो बाजूला केला आणि माझ्या पुढच्या पायाला आतून आकडा घालून पाय असा खेचला की मी मॅटवर आडवी. लागलं काहीच नाही. पण पुढच्या क्षणी सगळा क्लास माझ्यावर धावून आला. दोघांनी काखेत हात घातले, एकीने कंबर धरली, आणि मला काही कळायच्या आत त्यांनी मला उचलून उभं केलं. कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी. आणि सर त्या नव्या बाईला दबक्या आवाजात म्हणत होते, "काकूंबरोबर कसं खेळायचं, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

काकूंबरोबर कसं खेळायचं! म्हणजे त्याची रीत ठरलेली होती. सगळ्यांना माहीत होती, एक मी सोडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कसं खेळायचं असतं काकूंबरोबर? मलाही कळू दे."

सर म्हणाले, "काकू, चिडू नका ना. तुम्ही या वयात येता, तेच केवढं आहे. पायाला हात घालायचा नाही, जोरात मारायचं नाही, एवढंच मी मुलांना सांगून ठेवलंय. उद्या काही झालं तर तुमच्या मुलाला मी काय सांगणार?"

"आणि मी मारल्यावर मागे सरकायचं, हेही सांगून ठेवलंत?"

सर वाकून मॅटची कड सरळ करायला लागले. म्हणजे दोन वर्षं मी नाटकात काम करत होते आणि नाटक आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रस्त्यावर लोकांनी हात मागे घेतले होते आणि इथे सहा हात पुढे आले. मला स्वतःला उठता येतं की नाही, ते दोन्हीकडे कोणी बघूच दिलं नाही. मी सरांना नको ते बोलले. हिरवा पट्टा सोडून त्यांच्या टेबलावर टाकला. त्या मुलीकडे वळून म्हटलं, "आणि तू? पोलीस होणार तू? असंच खोटं पडून दाखवणार चोरांसमोर?"

मुलीचे डोळे भरले, पण तीही मुंबईचीच होती. ती ताडकन म्हणाली, "काकू, मला कशाला बोलताय? तुम्हीच बोलला होतात ना! पहिल्या आठवड्यात माझा पाय तुम्हाला लागला होता. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, मोठ्या माणसाला पाय लागला तर नमस्कार करायची पद्धत नाही का तुमच्या घरी? माझ्या आईला काढलंत त्यात. तेव्हापासून मी तुम्हाला पाय लावलेला नाही. कोणीच नाही लावला."

मला ते आठवलं. लख्ख आठवलं. लाथ मारायला शिकवणाऱ्या क्लासात जाऊन मी पोरीला लाथ लागल्याबद्दल नमस्कार करायला लावला होता. पुस्तकाला पाय लागला, केरसुणीला लागला, माणसाला लागला, की हात लावून कपाळाला लावायचा, हे माझ्या आईने आम्हा भावंडांच्या पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं, आणि मी ते पांढऱ्या पट्ट्यासकट क्लासात घेऊन गेले होते. त्या दिवशी मुलगी वाकली, तेव्हा मला बरंही वाटलं होतं. सर तिथेच उभे होते. त्यांनी काढला तो अर्थ मीच त्यांच्या हातात दिलेला होता.

हे कळल्यावर माणसाने शांत व्हावं, माफी मागावी. मी आणखी चिडले. दुसऱ्याची चूक असली की ओरडून मोकळं होता येतं, आपली निघाली की राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही. मी तशीच घरी आले आणि तीन दिवस कुणाशी धड बोलले नाही. जिममध्ये दांडी इतक्या जोरात खाली आपटली की ट्रेनर म्हणाला, "आंटी, फरशी फुटेल."

पुढच्या मंगळवारी क्लासला गेले. आधी मुलीला म्हटलं, "तुझ्या आईला काढलं ते चुकलं माझं." मग सरांना म्हटलं, पट्टा हवा तर द्या, नको तर देऊ नका, पण मला एक खरी लढत हवी. दोन मिनिटांची, याच मुलीबरोबर. पडले तर कोणी हात लावायचा नाही. सरांनी बराच वेळ डोकं खाजवलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाले, ती मी पिशवीतून काढून दिली. मुलगी म्हणाली, "काकू, माझ्याने नाही होणार. पाप लागतं." मी म्हटलं, "पाप माझ्या नावावर लाव. आणि मध्येच नमस्कार केलास तर बघ."

शनिवारी हातमोजे घातले, छातीचं कवच बांधलं. पोरांनी भिंतीकडेने गोल धरला. सरांनी घड्याळ लावलं. मी पहिला ठोसा मारला, तो हवेत गेला. तिसऱ्या की चौथ्या पावलाला तिने पायात आकडा घातला आणि मी खाली. भिंतीकडची दोन पोरं पुढे आली, मी मॅटवरूनच ओरडले, "मागे व्हा!" ती मागे झाली. मुलगी समोर मुठी वर धरून उभी होती, गालावरून पाणी वाहत होतं, पण मुठी खाली आल्या नाहीत. मी कुशीवर वळले, एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढे घेतला, टाचेत जोर दिला. उठले. वेळ लागला. किती लागला ते सरांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्यांदा तिने पोटात लाथ मारली. कवच होतं तरी श्वास अडकला. मी वाकले, पण पडले नाही. मला वाटतं तेव्हा ती रडायची थांबली. मग मला संधी मिळाली. ती जरा पुढे झुकली होती, मी उजवा पाय फिरवला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझी लाथ कुणाला तरी खरीखुरी लागली. थेट तिच्या खांद्यावर. तिचा खांदा मागे गेला. सगळे ओरडले.

आणि माझा हात आपोआप पुढे गेला. पोरीला पाय लागला! मोज्यातला हात तिच्या खांद्याला लावून मी तो माझ्या कपाळाकडे नेत होते, लढतीच्या ऐन मध्यात, मान खाली घालून. मला ते समजेपर्यंत तिने माझ्या छातीवर एक सणसणीत ठोसा लगावला आणि पाठोपाठ पायही खेचला.

छत दिसलं. छताचा पंखा दिसला. भिंतीकडे कोणी हललं नाही, सरसुद्धा नाहीत. मग माझ्या वर त्या मुलीचा लाल झालेला चेहरा आला. मुठी तशाच वर. तिने हात पुढे केला नाही.

"उठा ना काकू," ती खेकसली, "नमस्कार कसला करताय? अजून चाळीस सेकंद आहेत!"

त्या पोरीचा मला असा काही संताप आला, की मी कुणालाही न धरता उठले.