टांटे आगाथा आणि जांभळं डिझेल

आगाथा टेव्ज एकाहत्तर वर्षांची आहे. गावात लहानथोर सगळे तिला टांटे आगाथा म्हणतात, म्हणजे आगाथामावशी. सव्वीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. आम्ही सगळ्याजणी तिच्या बसमधून शाळेत गेलो, आणि बस रस्त्यात बंद पडल्यामुळे शाळेला उशीर झाला असं एकीलाही आठवत नाही. बंद पडायची, पण टांटे खाली उतरून काहीतरी करायची आणि आमची गाणी संपायच्या आत परत सीटवर येऊन बसायची.

हे ती कुणाकडून शिकली असं विचारलं तर म्हणते, "खिडकीतून." तिच्या वडलांनी दोन्ही भावांना वर्कशॉपमध्ये घातलं आणि हिला स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराची खिडकी वर्कशॉपच्या दाराकडे उघडायची. भावांना शिकायचा कंटाळा होता, हिला नव्हता. पुढे नवऱ्याची पाठ गेली, तेव्हा शेतातलं कापणीयंत्र दर हंगामात हिनंच उघडून जोडलं. नवरा, हेन्री, वारल्यावर चर्चची जुनी डिझेल व्हॅन आपसूक तिच्याकडे आली. व्हीलचेअर वर चढवायची लिफ्ट असलेली गाडी आमच्या गावात ती एकच.

माझी मुलगी लोर्ना सतरा वर्षांची आहे. तिच्या पाठीचा कणा वाकत चाललाय. तिला साध्या गाडीच्या सीटवर बसवता येत नाही, तिच्या मापानं बनवलेल्या वजनदार खुर्चीतूनच न्यावं लागतं. दोन तासांवरच्या विनिपेग शहरातल्या सर्जनला दाखवायला आम्ही चौदा महिने थांबलो होतो. जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी एकची वेळ मिळाली. ही वेळ चुकली की नाव यादीच्या तळाशी जाईल, असं फोनवरच्या बाईनं मला दोनदा बजावलं होतं. पीट, माझा नवरा, उत्तरेला रस्त्याच्या कामावर होता. आरोग्यखात्याची गाडी दोन आठवडे आधी सांगावी लागते. म्हणजे भिस्त सगळी व्हॅनवर.

त्या सकाळी उणे चौतीस अंश होतं. चर्च आमच्या समोरच आहे. सव्वाआठला टांटेनं व्हॅनच्या इंजिनाला रात्रभर ऊब देणारी वायर काढली आणि चावी फिरवली. मी लोर्नाला कोट चढवत खिडकीतून बघत होते. व्हॅन सुरू झाली, दोन मिनिटं धडधडली, खोकली आणि बंद पडली. पुन्हा चावी, पुन्हा नुसतीच घरघर.

लोर्ना म्हणाली, "आई, असा चेहरा करू नकोस. गाडी घाबरेल."

मी तिला घरात ठेवून धावत गेले. तोवर एब हीबर्टही पोचला होता. एब चर्चचा डीकन, म्हणजे अडल्यानडल्यांचं बघणारा. कुणाकडे काय अडलंय हे त्याला त्या माणसाच्याही आधी कळतं. त्याच्या हातात इंजिन पटकन पेटावं म्हणून आत मारायचा स्प्रे होता.

"दोन फवारे मार, आगाथा. लगेच उठेल."

टांटेनं डबा त्याच्या हातातून घेऊन खिशात टाकला. "आत डिझेल पेटवायच्या तापलेल्या कांड्या आहेत. हा त्यांच्यावर पडला की उठेल खरी, पण बॉनेट घेऊन उठेल. तू मागे जा आणि धूर बघ."

"मी? ट्रूडी आलीय ना."

"ट्रूडी रडतेय. तिला धूर दिसणार नाही."

मी रडत नव्हते, पण सुरुवात होणारच होती.

टांटे कधीच आधी पान्याला हात लावत नाही. आधी काय बरोबर आहे ते ती शोधते, आणि तेवढं सोडून उरलेल्यात बिघाड बघते. इंजिन जोरात फिरतंय, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या ठीक. कांड्या तापत असल्याचा दिवा लागतो आणि वेळेवर विझतो. तरी तिनं दोन पुढच्या सीटांमधलं झाकण काढलं, चाचणीच्या दिव्याची सुई तारेला लावली आणि वीज पोचतेय का ते पाहिलं. पोचत होती. मग चावी फिरवून तिनं ओरडून विचारलं, "धूर?"

"नाही," एब मागून म्हणाला.

"पांढरा, थोडासासुद्धा?"

"काहीच नाही."

"म्हणजे तेल येत नाहीये," ती मला म्हणाली, दूधवाला आला नाही असं सांगावं तसं. "नऊ वाजलेत. अजून वेळ आहे."

तिनं फिल्टरचं भांडं उघडलं. हातमोजे काढून, उघड्या बोटांनी. त्या थंडीत लोखंडाला कातडी चिकटते. आत मेणासारखा घट्ट लगदा होता, आणि तो जांभळा होता.

मी शेतकऱ्याची मुलगी आहे. शेतीचं डिझेल करमाफीचं असतं, म्हणून त्यात जांभळा रंग घालतात, आणि रस्त्यावरच्या गाडीत ते घालायला बंदी आहे. हे तर उन्हाळ्यातलं डिझेल होतं, थंडीत गोठणारं. टांटेनं काट्याकडे पाहिलं. टाकी पूर्ण भरलेली होती. रविवारी तिनं ती अर्धी ठेवली होती.

आमच्यात देणाऱ्यानं नाव कळू द्यायचं नसतं. बटाट्याचं पोतं पायरीवर ठेवायचं आणि घंटी न वाजवता निघून जायचं. व्हॅनची टाकीही अशीच अधूनमधून आपोआप भरते. कुणीतरी अंधारात, दिवा न लावता आपल्या शेतावरून कॅन भरून आणले होते. त्याच्याकडे हिवाळ्याच्या तेलाची आणि उन्हाळ्याच्या तेलाची अशा दोन टाक्या शेजारी शेजारी असणार. अशा दोन टाक्या चर्चजवळ एकाच्याच अंगणात आहेत.

एब आमच्या मागे येऊन उभा होता. त्यानं तो जांभळा लगदा पाहिला आणि थंडीनं लाल झालेला त्याचा चेहरा पांढरा पडला.

माझ्या डोक्यात चौदा महिने उसळले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टांटेनं भांड्यावर झाकण ठेवलं.

"गोठलंय," ती म्हणाली. "ऊब पाहिजे. एब, तुझ्या शेडमध्ये हीटर आहे. ट्रॅक्टर आण, ओढून नेऊ."

तो धावतच गेला. साठीतल्या माणसाला बर्फावरून असं धावताना मी पाहिलं नव्हतं.

"टांटे, तुम्हाला माहीत आहे हे कुणी—"

"मला माहीत आहे की साडेदहाला निघायला हवं. लोर्नाचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन ये. आणि तिला सांग, वेणी घालून बस."

शेडमध्ये एबनं हीटर लावला. टांटेनं तो टाकीपासून लांब सरकवला. "गाडी गरम करायचीय, भाजायची नाही." मग ती पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली गेली, टाकीतलं जांभळं तेल पिंपात सोडलं, आणि तळाला राहिलेल्यात गोठण विरघळवणारं औषध ओतलं, वर एबच्या दुसऱ्या टाकीतलं बिनरंगी हिवाळी डिझेल भरलं. नवा फिल्टर हिवाळी डिझेल आणि थोड्या केरोसिननं काठोकाठ भरून बसवला. मी नळ्यांवर ड्रायर धरून उभी होते. पाठीत कळा येत होत्या आणि मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

"आगाथा, मला काहीतरी बोलायचंय," एब म्हणाला.

गाडीखालून हात बाहेर आला. "मलाही. सतरा नंबरचा पाना."

त्यानं दिला.

"आगाथा—"

"आता चिंधी."

चिंधी देऊन तो माझ्याकडे वळला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती. "ट्रूडी, ते मी घातलं. चार कॅन. रस्त्यात तुम्हाला पेट्रोलपंपावर थांबावं लागू नये म्हणून. दिवा लावला नाही, चुकीच्या टाकीतून भरले. पोरीचं काही झालं तर..."

गाडीखालची खुडबूड थांबली होती. टांटे ऐकत होती, पण आता मध्ये पडली नाही.

मला त्याला काय काय बोलायचं होतं ते मला अजून पाठ आहे. पण सकाळपासून ती बाई या माणसाची लाज राखत होती, एक मिनिटही वाया न घालवता, आणि तेही बोटं सोलवटून घेऊन.

"अंकल एब," मी म्हटलं, "हा ड्रायर धरा. माझा हात भरून आलाय."

त्यानं तो दोन्ही हातांनी धरला.

दहा पस्तीसला टांटे उठली, कोपर झटकलं आणि चावी फिरवली. आधी काहीच नाही. मग पांढरा धूर आला. "धूर," एब म्हणाला, अगदी हळू. इंजिन दोनदा अडखळलं आणि मग त्यानं लय धरली. टांटेनं पेडलवरचा पाय हलवला नाही, पाच मिनिटं नुसतं ऐकत बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, इस्पितळात डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघते तशी.

"चला," ती म्हणाली.

रस्त्यावर वारा बर्फ उडवत होता. लोर्नानं मागून विचारलं, "टांटे, पोचू का आपण?"

"तू वेणी घातलीस ना? मग तुझं काम झालं. आता माझं."

एकला दहा मिनिटं कमी असताना आम्ही दारात होतो. सर्जन शांत माणूस होता. एक्स-रे बघून म्हणाला, अजून उशीर झालेला नाही, शस्त्रक्रिया करता येईल. एप्रिलची नऊ तारीख दिली. मी खुर्चीवर बसून राहिले, कागदावर सही कुठे करायची तेच मला दिसेना. लोर्नानं बोट ठेवून दाखवलं.

बाहेर आलो तेव्हा चार वाजत आले होते. व्हॅन तिथेच उभी होती, पुन्हा गोठू नये म्हणून इंजिन चालू. पहारेकऱ्यानं दोनदा येऊन बंद करायला सांगितलं होतं. टांटेनं त्याला प्रत्येक वेळी सूर्यफुलाच्या बिया देऊन परत पाठवलं होतं. तीन तासांत तिनं एकदाही चावीला हात लावला नव्हता. बोटांना कागदी रुमाल गुंडाळलेले होते.

लिफ्ट वर जाताना लोर्नानंच सांगितलं, "एप्रिलची नऊ, टांटे. सरळ होणार मी."

टांटेनं खुर्चीचे चार पट्टे एकेक करून आवळले, प्रत्येक हलवून पाहिला.

"तेव्हा बर्फ वितळून रस्त्याला खड्डे पडलेले असतील," ती म्हणाली. "परत आणताना मी हळू चालवीन."