परिशिष्टातलं एक नाव

शेषेराव सरांच्या पोटात दुखायला लागलं ते एका मंगळवारी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. असल्या दुखण्यावर ओवा चालत नाही, हे त्यांच्या बायकोला, सिंधुताईंना, त्याच संध्याकाळी कळलं. सरांना मान्य करायला बराच वेळ लागला.

सर कंधारच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवत होते. पाऊस लांबला तरी लोक त्यांना विचारत, नको तेव्हा कोसळला तरी त्यांनाच विचारत. पर्यावरण दिनाला जिल्ह्याच्या पेपरात त्यांचा लेख ठरलेला, फोटोसकट. फोटो जुना, काळ्या केसांचा. "सरांला लई माहिती हाय," असं पोरं म्हणत, आणि सरांचं स्वतःबद्दलचं मतही याहून फारसं वेगळं नव्हतं.

त्या मंगळवारी प्राचार्य शिवशंकर पेढे घेऊन आले. सरांच्याच विभागात सहा वर्षांपूर्वी लागलेल्या वर्षाराणीचं नाव हवामान-बदलाच्या जागतिक अहवालात छापून आलं होतं. जगभरचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपून, पगार न घेता जो लिहितात आणि ज्याचा सारांश देशोदेशीची सरकारं एका जागी बसून ओळ न् ओळ तपासून मंजूर करतात, तो अहवाल. त्याच्या मागे परिशिष्ट, परिशिष्टात समीक्षकांची यादी, आणि त्या यादीत मुरुडच्या शेतकऱ्याची ही लेक.

"छान," सर म्हणाले आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला. तो त्यांना कडू लागला. आपण अठ्ठावीस वर्षं नकाशे टांगले, आणि नाव हिचं?

पुढच्या आठ दिवसांत दुखणं वाढलं, त्याला गावाचा हातभार लागला. बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला: 'जागतिक कीर्तीच्या समीक्षक'. आता आपल्याकडे समीक्षक म्हटलं की पुस्तकांवर लिहिणारा माणूस. साहित्य मंडळाच्या लोकांनी फ्लेक्स वाचला आणि वर्षाराणीला थेट कवितासंग्रहाच्या प्रकाशनाचं अध्यक्षपद देऊन टाकलं. "अहो, मला कवितेतलं काही कळत नाही," असं ती बिचारी सांगत राहिली. मंडळाला तो तिचा विनय वाटला. त्या अध्यक्षपदाकडं सर बारा वर्षं डोळे लावून बसले होते. चुकूनसुद्धा मान हिलाच मिळावा, हे त्यांना फार लागलं.

"तिनं काय तुमचं घर लुटलं का?" सिंधुताईंनी विचारलं. "जेवून राहिले का रागवून राहिले?"

"मी कशाला रागवू? लोक अडाणी हायेत, त्याचा ताप होतो," सर म्हणाले आणि भाकरीचा दुसरा तुकडा न मोडता उठले.

खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हा अहवाल लिहिणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे. मसुदा तयार झाला की लेखक मंडळी तो जगापुढे तपासायला ठेवतात. ज्याला वाटतं की आपल्याला यातलं कळतं, त्यानं फॉर्म भरायचा. आपला अभ्यास कशात आहे ते आपणच लिहायचं. मग मसुदा वाचायचा आणि अमक्या पानावर, तमक्या ओळीत काय खटकलं ते नोंदवायचं. अशा हजारो हरकती येतात आणि लेखकांना एकेकीला लेखी उत्तर द्यावं लागतं. म्हणजे फॉर्म भरणाऱ्याला कुणी निवडून, पालखीतून नेलेलं नसतं. हे एकदा चारचौघांत सांगितलं की फ्लेक्स उतरलाच म्हणून समजा.

पुराव्यासाठी त्यांनी इंटरनेटवरून हरकतींची फाइल उतरवून घेतली. अहवाल निघाला की ती सगळ्या जगाला खुली होते: हरकत, हरकत घेणाऱ्याचं नाव, आणि शेजारी लेखकांचं उत्तर. वर्षाराणीच्या अकरा हरकती निघाल्या. आठ अमान्य. दोन ठिकाणी नुसतंच 'नोंद घेतली'. सरांना इतकं बरं वाटलं की त्यांनी सिंधुताईंकडं चहा मागितला.

अकरावी हरकत मात्र मान्य झाली होती. दुष्काळाच्या एका परिच्छेदावर तिनं लिहिलं होतं की पिकाची हानी मोजताना तुम्ही फक्त न पडलेला पाऊस धरता. आमच्या मराठवाड्यात सोयाबीन काढणीला आलं असताना पाऊस झोडपतो, शेंगांना जागेवरच कोंब फुटतात, आणि लोक त्याला ओला दुष्काळ म्हणतात. लेखकांनी आभार मानून मजकूर सुधारला होता. ओला दुष्काळ सर दर वर्षी सेकंड इयरला शिकवत. तो शब्द आपण गोऱ्या साहेबाला कळवावा, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. दोन वर्षांपूर्वी वर्षाराणीनंच त्यांना फॉर्मची लिंक पाठवली होती. "सर, आपण दोघं भरू," म्हणाली होती. "ते गोरे लोक आपलं ऐकणार होय? खामखा वेळ घालवू नको," असं तिला सुनावून सरांनी घरी येऊन तो फॉर्म गुपचूप उघडला होता. नाव लिहिलं, पदवी लिहिली. मग खाली वाचलं की हरकती आणि उत्तरं नावासकट प्रसिद्ध होतील. शेषेराव, कंधार, आणि शेजारी जगाला दिसेल असं 'अमान्य'! त्यांनी फॉर्म बंद केला आणि ही गोष्ट सिंधुताईंनाही सांगितली नाही.

शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. मुरुडहून वर्षाराणीच्या आई कावेरीबाई आल्या होत्या, त्या पहिल्या रांगेत बसल्या. विभागप्रमुख म्हणून सरांना बोलायला उभं केलं.

सरांनी आधी तोंडभर कौतुक केलं. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "परंतु आपण शास्त्राची माणसं, अतिशयोक्ती टाळली पाहिजे. वर्षाराणी मॅडम अहवालाच्या लेखिका नाहीत. तपासणीचा तो फॉर्म कुणालाही भरता येतो. त्याला निवड लागत नाही, फी लागत नाही. तुमच्या-आमच्यासारखा कुणीही घरी बसून भरू शकतो, इतकं ते सोपं आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. शिवशंकर हातातल्या हाराकडं बघू लागले. वर्षाराणीची मान खाली गेली. आठ दिवसांत पहिल्यांदा सरांच्या पोटातलं दुखणं थांबलं, आणि ते खुर्चीकडं वळले.

"सर," कावेरीबाई जागेवरनंच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट त्या खूष दिसत होत्या. "इतकं सोपं हाय व्हय ते? मला वाटलं, लेकीनं कायतरी लई अवघड केलं. मंग तुमी तर आधीच भरला आसाल. तुमी हिच्याहून मोठे. तुमचं नाव कोणत्या पानावर हाय? मुरुडला गेल्यावर सांगीन, हिच्या सरांचं बी हाय म्हणून."

सर पुन्हा माइककडं वळले. हॉलमधले दीडशे लोक पानाचा नंबर ऐकायला थांबले होते, आणि त्यांच्यात कुणीच हसत नव्हतं.

"आई, सरांना तेव्हा वेळ नव्हता," वर्षाराणी घाईनं म्हणाली. "परीक्षांचं काम होतं त्यांच्याकडं."

म्हणजे सबबसुद्धा तिनंच द्यायची. तिच्या आठ 'अमान्य'वर आपण घरी बसून चहा प्यालो, आणि ही अजून आपली अब्रू राखायला बघते. सरांना तिचा इतका हेवा या आठ दिवसांत कधी वाटला नव्हता. यादीतलं नाव त्यापुढे काहीच नव्हतं.

"वेळ होता, बाई," ते कावेरीबाईंना म्हणाले. माइक चालूच होता. "फॉर्म उघडला बी होता. भ्यालो मी."

फॉर्म भरण्यात भ्यायचं काय असतं, ते कावेरीबाईंना कळेना. त्यांनी लेकीकडं पाहिलं.