हॉलच्या मधोमध नसलेला खांब

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत चोर-दरोडेखोर पुष्कळ हाताळले. पण चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांपुढे एका खांबासाठी जेवढा घसा फोडला, तेवढा कुठल्याच गुन्हेगारापुढे फोडावा लागला नाही.

तेव्हा मी कानडी मुलखात, जे. पी. नगरच्या बाजूला एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. दुपारी एका वयस्क बाईंचा फोन आला. आमच्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातल्या असाव्यात. "अण्णा, समोरच्या मंगल कार्यालयातला मधला खांब कापून टेम्पोत घालून नेला की हो! माझ्या लेकाचं लग्न तिथंच झालं, खांब पक्का ठाऊक आहे मला. उद्या तिथं लग्न आहे." स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

हॉल पोलादी सांगाड्याचा, वर पत्रे, जमिनीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल गालिचा. मालक हसतच सामोरा आला. "खांब? इथं कधी खांब नव्हताच सार. समोरच्या अक्कांचं वय झालंय." मॅनेजर तेच म्हणाला, डेकोरेटरही तेच. तिघांचे जबाब शब्दाला शब्द सारखे. खरं बोलणाऱ्या तीन माणसांचं इतकं कधीच जुळत नाही.

मी खुर्ची ओढून गुपचूप बसलो. वाढपी पातेली घेऊन ये-जा करत होते. प्रत्येक जण सरळ यायचा आणि हॉलच्या मध्यावर आला की कारण नसताना वळसा घालून पुढे जायचा. जिभेला पढवलं होतं, पायांना पढवायचं राहून गेलं होतं. तिथला गालिचा उचलायला लावला. खाली खांबाच्या बुडाची जाड लोखंडी प्लेट होती आणि तिच्यावर गॅसकटरच्या ताज्या खुणा.

मालकाचा चेहरा पडला. "वास्तुवाला म्हणाला सार, ब्रह्मस्थानी खांब अशुभ. आणि खांबामुळे स्टेज दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक परत जायचं."

"इंजिनिअरला विचारलंत?"

"विचारलं की. म्हणाला, बिनखांबाचं छत हवं तर तुळया बदला, पाया वाढवा. तेवढ्या पैशात दुसरा हॉल झाला असता. म्हटलं, पोलादच आहे, स्वल्प अ‍ॅडजस्ट होईल."

"मग तुळईलाच विचारा, ती होतेय का अ‍ॅडजस्ट!" मी ओरडलोच.

पालिकेचा इंजिनिअर बोलावला. त्याने दोरी ताणून दाखवली. तुळई मध्यावर वीतभर खाली आली होती. आधार काढून अंतर दुप्पट केलं, तर तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो, असं त्याने समजावलं. दुसऱ्या दिवशी तिलाच फुलांचं छत आणि झुंबरं टांगायची होती. खाली वडीलधाऱ्यांचे सोफे.

मालकावर गुन्हा नोंदवला, हॉल बंद केला. आता वधूपिता उसळले. मुलीच्या नोकरीपायी पुण्याहून लग्न इथं आणलेलं. "अहो साहेब, मध्ये खांब नसेल म्हणाले, म्हणूनच तर हॉल घेतला! पडायचं असतं तर एव्हाना पडलं नसतं का?" कपाळाला हात लावला मी. लग्न मागच्या मोकळ्या जागेत, मांडवात लागलं. उन्हात घामाघूम झालेल्या एकाही वऱ्हाड्याने माझ्याकडे धड पाहिलं नाही. छताला हॉल बंद केला त्याच संध्याकाळी टेकू दिले होते, म्हणून ते पडलं नाही. आणि पडलं नाही म्हणून मीच मूर्ख ठरलो.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. अपघात झाला की चौकशी होते, टळला की शिव्या मिळतात. त्या मुकाट्याने खायच्या.

परवा भाचीच्या लग्नाला त्याच हॉलमध्ये गेलो. खांब परत उभा आहे, आता त्याला झेंडूच्या माळा गुंडाळतात. मला नेमकी त्याच्यामागची खुर्ची मिळाली. शेजारचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "कुणा अकलेच्या कांद्याने हा मध्येच उभा केलाय हो?"

मंगलाष्टकं ऐकू येत होती, नवरानवरी दिसत नव्हती. अक्षता अंदाजानेच टाकल्या. खुर्ची मात्र हलवली नाही.