लॅबवाली नाही, टेक्नॉलॉजिस्ट!

मंडळी, आत्ताच ड्युटीवरून कोपरला घरी आलेय. हे सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरणार नाही.

आमच्या हॉस्पिटलात सकाळी मोहने गावच्या एका आजोबांचं रक्त तपासायला आलं. पोटॅशियम भयंकर वाढलेलं, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. असा माणूस आयसीयूत हवा. मी वॉर्डात धावले, तर आजोबा मजेत इडली खातायत!

डोक्यात लख्ख उजेड पडला. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त कुणीतरी लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतलेलं. जांभळीत रक्त गोठू नये म्हणून आधीच भरलेल्या औषधाने आकडे नेमके असेच बिघडतात.

इकडे नव्या डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायचं इंजेक्शन मागवलेलं. म्हणाले, "तू लॅबवाली ना? रिपोर्ट दे, बाकी मी बघतो."

"सर, मी बीएस्सी एमएलटी आहे. या रिपोर्टवर मी सही करणार नाही. अर्धा तास द्या."

मी स्वतः पुन्हा रक्त काढलं. सगळं नॉर्मल! सिस्टरनेही कबूल केलं, लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं ओतलेलं.

दुपारी डॉक्टर लॅबच्या दारात. "सॉरी मॅडम. तुमचं पद नेमकं काय?"

"मेडिकल लॅब टेक्नॉलॉजिस्ट." सात वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं हो!

आजोबा जाताना ओरडले, "शाब्बास गं रक्तवाली!" त्यांना सगळं माफ.

तुमच्या रिपोर्टखाली कोपऱ्यात एक छोटी सही असते. तिच्याखालचं नाव कधी वाचलंय?