विद्या सिस्टरना मी घरी यायला बंदी केली होती

माझी मुलगी जगणार नाही, हे मला तोंडावर सांगणारी एकच बाई होती.

त्या विद्या सिस्टर काल गेल्या.

तुमच्यातले बरेच जण त्यांना ओळखत नसतील. हॉस्पिटलनं घरी सोडलेल्या आजारी लेकरांना गावोगाव जाऊन बघायचं, आईबापाला शिकवायचं, हे त्यांचं काम. पलूसहून स्कूटीवर यायच्या. डिकीत नळ्या, ग्लोव्ह्ज, टेप, आणि स्वतःचा डबा, जो बऱ्याचदा तसाच परत जायचा.

आमच्या कुंडलच्या घरी त्या दीड वर्ष आल्या. माझ्या सईसाठी.

सईला जन्मापासून स्नायूंचा आजार. मान धरायची नाही. गिळता यायचं नाही, म्हणून नाकातून पोटात नळी. खोकता यायचं नाही, म्हणून घशातला कफ सक्शन मशीननं ओढून काढायचा. दिवसातून पंधरा-वीस वेळा.

हे सगळं माझी बायको मनीषा करायची. मी आर्मीत, पोस्टिंग तेव्हा आसामला.

लाईट गेली की पायानं दाबायचा पंप. तो सिस्टरनी माझ्या आईला शिकवला. आई हात लावायला तयार नव्हती. "आवं, मला अडाणी बाईला काय जमतंय!"

"मावशी, शिवणाची मशीन चालवतासा न्हवं? त्योच पाय."

आई शिकली.

मी व्हिडिओ कॉलवर सईला बघायचो. ती डोळ्यांनी हसायची. तेवढंच तिला जमायचं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात, एका दुपारी सिस्टरचा फोन आला.

"दादा, रजा कवा हाय?"

"दिवाळीला."

"दिवाळीची वाट बघू नका. आत्ता या."

"डॉक्टर तर स्टेबल म्हणतात."

"आज हाय स्टेबल. पण मी दर आठवड्याला बघतीया. श्वास घेताना छाती लय आत जातीया. वजन उतरलंय. पोरगी दमलीया, दादा. हातात दिवस थोडं हायत."

मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. "तुमी डॉक्टर हायसा काय?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "न्हाई, डॉक्टर न्हाई मी. पण तुमाला खोटं सांगून माझ्या जिवाला बरं वाटंल व्हय?"

मी फोन कट केला. त्यांच्या ऑफिसला लावला. ही बाई अभद्र बोलते, माझ्या घरी पाठवू नका.

ऑफिसनं ऐकलं. दुसरी सिस्टर देतो म्हणाले. दुसरी कुणी आली नाही.

मनीषाला सांगितलं, त्या परत दारात दिसल्या तर मला कळव. ती गप्प बसली. मला वाटलं, तिलाही पटलं.

पुढच्या तीन आठवड्यांत सईची नळी दोनदा निघाली. दुसऱ्यांदा घालताना नाकातून रक्त आलं आणि मनीषाला नळी पुढं सरकवायचा धीर होईना. शेवटी आईनं गुपचूप सिस्टरना फोन केला.

त्या रविवारी आल्या, सुट्टीच्या दिवशी. नंतरही येत राहिल्या. मला कुणी सांगितलं नाही.

घरात आजारी पोर, आणि वर माझ्या रागाची भीती.

मग आईचा मला फोन. "ये रं बाबा. सिस्टर खरंच बोलली हुती."

पुण्यापर्यंत विमान, पुढं एसटी. घरात शिरलो तर सिस्टर सईच्या उशाला बसलेल्या. मला वाटलं, आता सुनावणार.

"हात साबणानं धुऊन या," म्हणाल्या. "सक्शन शिकवती तुमाला."

मला चार दिवस मिळाले.

तेव्हाच ऐकलं असतं तर महिना मिळाला असता.

नळी किती आत घालायची, नळीच्या भोकावरचं बोट कधी सोडायचं, कुशीवर कसं वळवायचं, सगळं शिकलो. तीन वर्षांची पोर, पण माझा पाठीवरचा पिठ्ठू तिच्याहून जड असतो.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आम्हा दोघांना घेऊन बसल्या. "सांगलीला न्हेलं तर मशीनवर ठेवतील. थोडं दिवस वाढतील, पण तुमाला आत बसाय मिळणार न्हाई. घरी ठेवलं तर धाप कमी व्हायचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलंय, ते मी देती. तुमी दोघांनी ठरवा. जे ठरवशिला त्यात मी हाय."

मनीषा म्हणाली, "मला तिला मांडीवरनं खाली ठिवायची न्हाई."

चौथ्या दिवशी, चारच्या सुमारास, मांडीवरच गेली.

नंतर सिस्टरनी खोबरेल मागितलं. सईच्या गालावर नळीचा टेप होता. तेलाचं बोट फिरवत, कडेकडेनं, हळूहळू तो सोडवू लागल्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाहेर माणसं जमलेली.

मी म्हणालो, "आता कुठं दुखतंय तिला, सिस्टर."

त्यांनी वर बघितलं नाही. टेप निघेपर्यंत तेल लावत राहिल्या.

वर्षभरानं पलूसच्या स्टँडवर भेटल्या. मी म्हणालो, "सिस्टर, मी चुकलो."

मला वाटलं, जाऊ द्या दादा म्हणतील.

"व्हय, चुकलासा," म्हणाल्या. मग विचारलं, "मनीषाताई नीट जेवतीया का?"

जेवत नव्हती. मला ते माहीत होतं, पण त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांना होतं. महिन्यातून एकदा घरी येऊ लागल्या. सई नसलेल्या घरात, फक्त मनीषासाठी. मनीषा आज बालवाडीत कामाला जाते, ती त्यांच्यामुळं.

त्यांच्या किडन्या गेल्यात हे आम्हाला फार उशिरा कळलं. दुसऱ्यांच्या घरी खरं सांगणाऱ्या बाईनं स्वतःचं कुणाला सांगितलं नव्हतं.

आज पलूसला त्यांना निरोप दिला. चार जण श्रद्धांजलीचं बोलले. मला दोनदा वाटलं, उभं राहावं. उठलो नाही.

म्हणून हे इथं लिहिलं.

सिस्टर, आई, मनीषा आणि मी, आमच्या तिघांचा शेवटचा नमस्कार.